चिमाजीअण्णांनी वळवलेला ओढा

पिंपरी गावात चिमाजीअण्णांना विचारल्याशिवाय काही होत नाही, असं चिमाजीअण्णांचं मत होतं. गावाचं मत थोडं वेगळं होतं, पण ते अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. ते ग्रामपंचायतीचे सभासद. सरपंच अर्जुनराव, पण कुठे दोन माणसं खुर्चीवर बसलेली दिसली की अण्णा तिसरी खुर्ची आणवत आणि मधोमध बसत. माणूस कुणाचं वाईट करणारा नव्हता. भांडणं मिटवायचा, कुणाच्या लग्नात मांडव पडला तर स्वतः वासे धरायचा. फक्त त्याला भाषण करू दिलं पाहिजे, एवढीच अट.

छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. गावाच्या वरच्या माळावर, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, एक मुलाम्याची कंपनी आली. सायकलींची हँडलं, घंट्या, दिव्यांची टोपणं असा माल तिथे यायचा आणि क्रोमचा मुलामा चढून आरशासारखा चकचकीत होऊन बाहेर पडायचा. जमीन अण्णांची नव्हती, परवानगी पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून आली होती, शेठ मुंबईचे होते. तरी कंपनी आपणच आणली, असं अण्णा वर्षभर सांगत होते. उद्घाटनाला त्यांनी शेठना हार घातला आणि भाषण केलं. "आजपावतर आपल्या गावाला नाव व्हतं," ते म्हणाले, "आता चकाकी येनार!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांना प्यायला पाणी अण्णांच्याच विहिरीचं आणलं होतं. ओढ्याच्या काठावरची ती विहीर पंचक्रोशीत गोड्या पाण्यासाठी ओळखली जायची. मुंबईच्या एका साहेबाने दुसऱ्यांदा पेला मागितला, तेव्हा अण्णांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं होतं.

चकाकी आली, आणि लवकरच आली. गावातली पोरं कंपनीत लागली. ती जाता-येता घरातलं काहीबाही नेऊन मुलामा चढवून आणू लागली. कुणाचा अडकित्ता चकाकला, कुणाच्या बैलाच्या शिंगांच्या शेंब्या. अण्णांनी आपल्या काठीची मूठ चकाकवून घेतली. त्यानंतर ते काठी उलटी धरून चालत, म्हणजे मूठ लोकांना नीट दिसावी.

मग ओढ्याचं पाणी पिवळं झालं.

माळावरून उतरणारा तो ओढा रेल्वेच्या मोरीखालून गावात शिरायचा, अण्णांच्या विहिरीला वळसा घालायचा आणि गावच्या घाटाच्या वरच्या अंगाला पवना नदीला मिळायचा. पावसाळ्यात माळाचं पाणी वाहून नेणं आणि उन्हाळ्यात गुरांच्या पायांना ओल देणं, एवढंच त्याचं काम. आता तो बारमाही वाहू लागला. कंपनीच्या मागच्या नळातून पडणारं पाणी त्यात येत होतं. पहिल्यांदा लोकांना गंमतच वाटली. एका म्हातारीने त्यात हळद दिसते म्हणून हात जोडले. अण्णा पारावर म्हणाले, "पिवळा रंग शुभच असतो."

तिसऱ्या आठवड्यात मासे उलटे होऊन तरंगायला लागले. काही जणांनी टोपल्या भरून नेले आणि त्यांच्या घरी वांत्या सुरू झाल्या. मग छबूबाई परटीण अण्णांच्या दारात आली. गावाचे कपडे ती ओढ्याच्या तोंडाशी धुवायची. तिने अण्णांची तीन धोतरं अंगणात पसरली. ती पिवळी पडली होती.

"शुभ रंग हाय," छबूबाई म्हणाली. "तुमीच सांगितलं न्हवं पारावर? ठेवा नेसायला."

अण्णा चिडणार होते, पण त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवर गोल गोल खड्डे पडले होते, कुणी दाभणाने कोरावेत तसे. "दुखतात का?" त्यांनी विचारलं. "दुकत न्हाईत," ती म्हणाली. "त्याचंच भ्या वाटतंय."

आणि एका सकाळी गोजाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, विहिरीचा पोहरा वर ओढला तर त्यातलं पाणीही फिकट पिवळं. त्यांनी पोहरा तसाच नवऱ्यासमोर ठेवला. अण्णांनी चूळ भरली, थुंकले आणि काठी घेऊन कंपनीकडे निघाले. आज शेठला असं बोलायचं, असं बोलायचं, अशी तयारी करत गेले.

शेठनी त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला. चहाचं पाणी पुण्याहून डब्यातून येतं, हे अण्णांना शिपायाकडून नंतर कळलं.

"अण्णा, तुम्ही आलात ते फार बरं झालं," शेठ म्हणाले. "मी आजच विचार करत होतो, की गावात कर्तबगार माणूस कोण? हे पाण्याचं काम करायला एक समिती पाहिजे. ओढा-स्वच्छता समिती. लागेल ती सामग्री कंपनी देईल. पण अध्यक्ष माणूस वजनदार पाहिजे."

अण्णा भांडायला गेले होते. ते गळ्यात हार घालून परत आले.

समितीने विचार केला. विचार म्हणजे अण्णा बोलले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. घाण पाणी गावातून जातं, हा त्रास. मग ते गावातून जाऊ न दिलं की त्रास संपला. कंपनीच्या नळापासून एक चर खणायचा, मोरीखालून काढून गावाला बाहेरून वळसा घालायचा आणि पाणी घाटाच्या खालच्या अंगाला नदीत सोडायचं. त्या काळात श्रमदानाची हवा होती. सगळं गाव कुदळी-फावडी घेऊन लोटलं. शाळेच्या मास्तरांनी गाणी म्हणवून घेतली. अण्णांनी स्वतः पहिला घाव घातला आणि नंतरचे घाव इतरांना सांगितले. कंपनीने सिमेंट दिलं, मुकादम दिला आणि चराच्या तोंडाशी बसवायला एक दगडी पाटीही दिली: हा चर श्री. चिमाजीअण्णा यांनी ग्रामस्थांच्या श्रमदानातून बांधला.

सरपंच अर्जुनरावांनी भाबडेपणाने विचारलं, "खाली कासारवाडी हाय की. त्येंचं काय?"

"नदी मोठी हाय," अण्णा म्हणाले. "नदीत एवढंसं पानी म्हंजे हत्तीच्या अंगावर माशी. आनि कासारवाडीचं कासारवाडी बघंल."

कासारवाडीत त्यांची मुलगी दिली होती.

ओढा कोरडा पडला, दोन पावसाळ्यांत काठावर गवत उगवलं. छबूबाई घाटावर वरच्या अंगाला धुवायला लागली. विहिरीचं पाणी मात्र सुधारलं नाही. उलट रंग गडद झाला. जमिनीत मुरलेलं मुरलं होतं. गोजाबाई पाटलांच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या आणि अण्णा विहिरीकडे पाठ करून बसू लागले. तरी गावात नाव झालं. शेजारच्या गावांतून लोक चर बघायला आले.

मग एका दुपारी बैलगाडी अंगणात थांबली. तिच्यातून इंद्रायणी उतरली. अण्णांची ही एकुलती लेक. नाव एका नदीचं आणि संसार दुसऱ्या नदीच्या काठी. तिच्या हातात घागर होती, तोंडाला फडकं बांधलेली.

"ये, ये पोरी," अण्णा उठले. "सासरी समदं बरं हाय नव्हं?"

तिने घागर त्यांच्या पुढ्यात ठेवून फडकं सोडलं. आतलं पाणी पिवळं होतं.

"अण्णा, लेकीला माहेरची चोळी येती," ती म्हणाली. "आमच्याकडं माहेरचं पानी आलं. रंगवून पाठवलंत, झाक झालं."

"हे कुठलं?"

"आमच्या घाटावरचं. कडंकडंनंच वाहतंय, मधल्या धारेला लागत न्हाई. बायका तिथंच हांडे भरत्यात." तिने हात पुढे केला. छबूबाईच्या हातावरचे गोल खड्डे अण्णांनी लेकीच्या हातावर पाहिले. "माज्या सासूबाई काय म्हनत्यात ठावं हाय? म्हनत्यात, इंद्रायनीचा बाप मोठा माणूस. समदं गाव साफ केलं त्येनं."

यशोदाबाई असं बोलल्या असतील, यात अण्णांना शंका नव्हती. विहीणबाईंच्या तोंडाला ते अठरा वर्षं ओळखत होते. तरी त्यांनी बाजू मांडून पाहिली. "अगं, नदी एवढी मोठी..."

"नदी मोठी म्हून आमी खाली ऱ्हातो व्हय?"

आत गोजाबाईंनी लेकीच्या बोटांना एरंडेल लावलं. मग बाहेर आल्या, ती घागर उचलून न्हाणीत नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "अवो, तुमच्या आंघोळीचं पानी काढलंय."

अण्णा त्या दिवशी आंघोळ न करता गावसभेला गेले. चर बंद करायचा, असं त्यांनी सांगितलं. सभा आधी हसली, मग भडकली. चर बंद केला तर पाणी पुन्हा ओढ्यात येईल, शिवाय कंपनी चिडली तर पोरांच्या नोकऱ्या जातील, आणि मुळात स्वच्छता झालीच आहे ना? अर्जुनराव खाकरून म्हणाले, "अण्णा, कासारवाडीचं कासारवाडी बघंल. तुमचंच वाक्य हाय." आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचं कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं होतं, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आलं.

ते घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिलं, तर कंपनीच्या नळाच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचलेल्या होत्या आणि वर घोंगडी अंथरून अण्णा बसले होते. शेजारी इंद्रायणी. खालच्या बाजूला कासारवाडीचे चार-पाच बापये गाडी सोडून उभे. ते व्याह्यांकडचे म्हणून मानाने आले होते, पण तोंडं मारामारीला आल्यासारखी होती.

पाण्याला जायला जागा राहिली नाही, तेव्हा ते आल्या वाटेने मागे फिरलं. दुपारपर्यंत कंपनीच्या आवारात घोटाभर पिवळं तळं झालं. कामगार पेट्यांवर चढून उभे राहिले. शिफ्ट बंद पडली. आतल्या पोरांना त्याचं दुःख झाल्याचं कुणाला आठवत नाही. शेठच्या मोटारीची चाकं बुडाली, तेव्हा मात्र फौजदाराला बोलावणं गेलं.

फौजदार सायकलवरून आले. त्यांच्या सायकलचं हँडल चकचकीत होतं.

"सरकारी नाला अडवणं गुन्हा आहे," ते म्हणाले.

"सरकारी कुठं?" अण्णा म्हणाले. "पाटी वाचा साहेब. चर माजा हाय. मी बांधला. कंपनीनंच लिवून दिलंय."

फौजदारांनी पाटी वाचली. मग शेठकडे पाहिलं. शेठनी पाटीकडे असं पाहिलं, जणू ती ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. आपल्या चरात आपणच माती टाकणाऱ्या माणसाला कुठलं कलम लागतं, ते फौजदारांना सुचेना. "वर विचारून येतो," असं म्हणून ते गेले.

मग आतून एक सडपातळ, चष्म्याचा माणूस बाहेर आला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. हा कंपनीचा केमिस्ट, उद्धवराव. मराठवाड्यातला, शिक्षण हैदराबादेत उर्दूतून झालेलं. गावाने त्याला आजवर फक्त ये-जा करताना पाहिलं होतं. तो अण्णांजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "पाय वर घ्या अण्णा. हे पाणी चांगलं नाही."

"ते आता सांगतुयास?"

"हे साफ करता येतं बगा," उद्धवराव म्हणाला. "हौद बांधावे लागतात. आधी हिराकस टाकायचं, म्हणजे लोखंडाचं ते हिरवं मीठ. त्यानं पिवळेपणाचं जहर मरतं. मग चुना. गाळ खाली बसतो, वरचं पाणी सोडायचं. लई मोठी गोष्ट नाही."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "मग बोलला का न्हाईस?"

"बोललो की हो. पहिल्याच महिन्यात बोललो. शेठनी विचारलं, गावाची तक्रार आली का? मी म्हटलं, नाही. गाव तर हार घेऊन आलं होतं."

ही गोष्ट उद्धवराव सहज बोलला, टोमणा मारायला नव्हे. म्हणूनच ती अण्णांना लागली. इंद्रायणीने भाकरी सोडली, ती त्यांनी खाल्ली नाही. मग म्हणाले, "शेठला जाऊन सांग, तक्रार आली."

शिफ्ट बंद पडली तरी आतले नळ बंद करायला त्या पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे आवारातलं पाणी पुढचे दोन दिवस वाढतच राहिलं. मुलाम्याचे हौद पाण्याखाली जायची वेळ आली, आणि माल वेळेवर न मिळाल्याने गिऱ्हाईक तुटायची. पिंपरीतले लोक पहिल्या दिवशी लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी छबूबाई आली आणि अण्णांच्या पलीकडे बसली. ती बसली म्हटल्यावर आणखी बाया आल्या. बाया आल्या म्हटल्यावर अर्जुनरावांना खुर्चीवर बसून राहणं जड गेलं. तेही आले आणि गर्दीत आपल्याला कुणी पाहतंय ना, याची खात्री करत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी शेठ कबूल झाले. हौद बांधू, म्हणाले, पण ही कल्पना कंपनीची आहे असं धरावं. अण्णा म्हणाले, "धरा. देवाची हाय म्हना हवं तर."

हिराकस आणि चुना पिंपरी कॅम्पातल्या इब्राहिमच्या दुकानातून आला. हा इब्राहिम रंगाऱ्यांना सामान विकायचा. त्याला पहिल्यांदा वाटलं, गावाने कापड रंगवायचा धंदा काढला. हौद तयार झाले, आणि एका सकाळी नळातून पाणी आलं ते बिनरंगी. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत उभे राहिले. पाण्याला रंग नसतो, हे बघायला गर्दी जमण्याची बहुधा ती पहिलीच वेळ.

पण चरात आणि जुन्या ओढ्यात इतक्या वर्षांचा गाळ साचला होता. तो उपसावा लागणार होता. यावेळी मास्तरांची गाणी नव्हती. कॅम्पात मिळणारे लष्करी वापरातले जुने रबरी बूट इब्राहिमने गोळा करून दिले. बहुतेक एकाच पायाचे निघाले. ते घालून पिंपरीची आणि कासारवाडीची माणसं लंगडत, एकमेकांना शिव्या देत गाळ काढत होती. अण्णा सगळ्यात पुढे होते आणि पहिल्या घावानंतरचे घावही स्वतःच घालत होते. त्यांच्या पायाला तोवर दोन गोल खड्डे पडले होते. ते कुणी पाहू नयेत म्हणून ते धोतर खाली सोडत. कासारवाडीच्या घाटाजवळची कड साफ झाली, त्या दिवशी विहीण यशोदाबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. "व्याही," त्या म्हणाल्या, "आमच्या गावात येऊन काम कराया लागलं तुमास्नी. बरं दिसत न्हाई." एवढं बोलून त्यांनी ताकाचा तांब्या पुढे केला. त्यांच्याकडून याहून जास्त कधी कुणाला मिळालं नव्हतं. काढलेला गाळ कुठे टाकायचा, यावर पुन्हा वाद झाला. कुणी म्हणालं माळावर, कुणी म्हणालं चिखलीच्या बाजूला. अण्णा एवढंच म्हणाले, "तिकडं कुनाची तरी लेक असंल." शेवटी कंपनीच्याच आवारात, शेठच्या बंगल्याच्या मागे, सिमेंटचा खड्डा करून तो पुरला. शेठनी वर जाड झाकण घालून घेतलं आणि बंगल्याची मागची खिडकी कायमची बंद करून टाकली.

पुण्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. उद्योगपतींची लोकोपयोगी कामगिरी, असं वर लिहिलं होतं. फोटोत शेठ होते, अर्जुनराव होते, आणि कडेला एका माणसाचं अर्धं कोपर होतं. ते अण्णांचं, असं गोजाबाई म्हणाल्या. अण्णा म्हणाले, नसेलही.

अण्णांची विहीर शेवटी बुजवावी लागली. तो खर्च आणि ते दुःख, दोन्ही त्यांनी एकट्याने सोसलं, आणि त्याविषयी भाषण केलं नाही. छबूबाईचे हात बरे झाले, पण बोटं पूर्वीसारखी मिटत नसत. इंद्रायणीचे व्रण पुसट झाले.

उद्धवरावला नोकरीवरून काढलं. कारण दिलं, की हौदांवर आता शिकलेल्या माणसाची गरज नाही. तो ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघाला होता. अण्णांनी त्याला वाटेतून परत आणलं आणि ओसरीवरची खोली दिली. पुढे इब्राहिमनेच त्याला आपल्या दुकानात बसवलं. या पट्ट्यात एकेक कंपनी येत होती. कुणाचं पाणी लाल, कुणाचं निळं, आणि आसपासच्या गावांतले लोक आता नळाच्या तोंडाशी घोंगड्या टाकायला शिकले होते. मग कंपन्यांचे मुकादम धावत कॅम्पात यायचे आणि उद्धवराव त्यांना काय, किती, कसं टाकायचं ते सांगायचा. दुकान असं चाललं की इब्राहिमने शेजारचा गाळा घेतला. ज्या बोलण्यापायी नोकरी गेली, त्याच बोलण्यावर आता उद्धवरावचं पोट उत्तम भरत होतं.

अण्णा दुपारी तिथे बाकावर येऊन बसत. एके दिवशी एक तरुण मॅनेजर आला. दापोडीच्या बाजूला नवा कारखाना निघतोय, म्हणाला, तिथे रंगाचं काम होईल. तर पाण्याचं काय करायचं?

"कुठल्या गावानं अडवलंय?" इब्राहिमने सवयीने विचारलं.

"कुणीच नाही," मॅनेजर म्हणाला. "कारखाना अजून बांधायचाय. हौद आधी बांधावे, म्हणून आलो."

इब्राहिमला वाटलं हा वाट चुकला. उद्धवरावने चष्मा काढून पुसला. अण्णा मात्र बाकावरून उठले. फौजदार आले तेव्हाही ते उठले नव्हते. त्यांनी उपरण्याने बाक झटकला, त्या पोराला बसायला सांगितलं आणि समोरच्या हॉटेलात स्वतः चहा सांगायला गेले.